छाती अडतीस

टेलरमास्तर त्या साथीच्या तापातून उठले त्याला दोन वर्षं झाली. अठरा दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडले होते, पण घरी आले ते स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ठणठणीत म्हणून सांगितलं. विश्वास बसला नाही तो फक्त मास्तरांचा. छातीत काहीतरी कमी झालंय असं त्यांना वाटे, आणि कमी-जास्त ठरवायला गळ्यात टेप होतीच.

रोज दुकान उघडलं की मास्तर आरशासमोर छाती भरून श्वास घेत, टेप गुंडाळत आणि आकडा मापवहीत टिपत, त्या दिवशीच्या पानावर अगदी वरच्या ओळीत. मग दिवसभर धास्ती. कोणी शिंकलं की हातातली कात्री खाली. झोपेचं तर खोबरंच झालेलं. कोट बेतायला हात धजेना, म्हणून दुकानात नुसत्या पँटी आखूड होत. डॉक्टरांनी समुपदेशकाचा पत्ता दिला तेव्हा मास्तर उखडले. "माझं डोकं शाबूत आहे. छातीचं बघा."

दुकानात काजं-बटणं करणाऱ्या बायकोने पत्ता जपून ठेवला आणि ती गप्प बसली. ती गप्प बसली की मास्तरांना जास्तच भीती वाटे.

अशात बँडमधला ट्रम्पेटवाला कापड घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक. उंचीने मास्तरांएवढाच, पण आडवा असा की त्याच्यात दोन मास्तर मावावेत. त्याला कोट हवा होता. मास्तरांनी चार वेळा माप घेतलं. "हा बिघडला तर दुकानाला कुलूप," असं बायकोला बजावून त्यांनी दोन वर्षांनी कोटाच्या कापडाला कात्री लावली.

ट्रायलच्या दिवशी बाह्या कशाबशा चढल्या, पण पुढचे दोन पल्ले एकमेकांचं तोंड बघायला तयार होईनात.

"मास्तर, मला वाजवायचं असतं," ट्रम्पेटवाला अदबीने म्हणाला. "श्वास लागतो हो."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "संपलं. कुलूप आण."

बायकोने आणली मापवही. "छाती अडतीस. अहो, हे यांचं नाही, तुमचं माप. वरची ओळ बघून कापलंत." तिने कोट ट्रम्पेटवाल्याच्या अंगातून उतरवून मास्तरांच्या अंगावर चढवला. सगळी बटणं लागली.

"बसलाय मात्र झकास," ट्रम्पेटवाला म्हणाला.

बायको मागची पानं उलटू लागली. "हे गेल्या महिन्यातलं, अडतीस. हे गेल्या वर्षीचं, अडतीस. इथे साडेअडतीस आहे, त्या दिवशी तुम्ही स्वेटरवरून मोजलं होतंत. दोन वर्षांत छाती जागची हललेली नाही. मग कमी काय झालंय?"

मास्तरांचे डोळे भरून आले. "भीती वाटते गं मला. रोज उठल्यावर आधी बघतो, श्वास येतोय का."

ट्रम्पेटवाल्याने मास्तरांच्या बाहीला चिकटलेला एक दोरा हळूच उचलला. "माझा कोट सावकाश द्या," एवढंच म्हणाला.

गुरुवारी मास्तर तोच कोट घालून समुपदेशक बाईंकडे गेले. गळ्यात टेप तशीच राहिली होती. निघताना दारातच बायकोच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने ती राहू दिली.

"कधीपासून होतंय असं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पिशवीतून मापवही काढली, त्यांच्यापुढे ठेवली आणि पहिलं पान उघडून दिलं.