पान कुठल्या बाजूला दुमडलं

आमच्या भावकीत माझ्या सुनेला ‘पानवाली’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात. सासऱ्याच्या हातून केळीचं पान चुकीच्या बाजूला दुमडलं गेलं, एवढ्यावरून भर हॉटेलातून रडत उठून गेलेली आणि तेव्हापासून अमळनेरच्या घराची पायरी न चढलेली सून, अशी तिची गोष्ट सांगतात. ही गोष्ट पसरवली मी. जे घडलं ते वेगळं होतं.

सून दावणगेरेची. मुलाने पुण्यात नोकरीला असताना लग्न जमवलं. मला ते पसंत नव्हतं आणि मी ते लपवलंही नाही. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते घरी आल्यावर आम्ही त्यांना भेटायला गाडीने निघालो. मुलगा गाडी चालवत होता, सून त्याच्या शेजारी, मी आणि बायको मागे. वाटेत जिथलं जे खास असेल ते खायचं, असा बेत सुनेने केला होता. हॉटेलं तिने फोनवर आधीच शोधून ठेवली होती. बायको हरखली होती. तिला काय खायचंय, हे जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा मांडीवर घेऊन बसलो.

चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागलो तेव्हा मी म्हणालो, “आठेनच कन्नड चालू व्हयनं.” इथूनच कन्नड सुरू झालं, या माझ्या विनोदावर कुणी हसलं नाही.

विजापूरच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी आली. भाकरी पातळ, कडक आणि चांगली होती. मी ती मोडून वर धरली. “हाई भाकर शे का पापड?” मग वांग्याकडे वळलो. “वांगं भाजता येत नाही, म्हणून तेलात बुडवलंय.” मी तेलाच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस. तेलाबद्दल माझ्यापुढे कुणी बोलू नये, असा माझा खाक्या.

“तुमनं नाक कापी ठेवाले जोयजे,” बायको म्हणाली आणि तिने दुसरी भाकरी मागितली.

“आबा, डबा उघडू का तुमचा?” सुनेने शांतपणे विचारलं. मी स्वतःच उघडला. मालक आला आणि बाहेरचं इथे चालत नाही असं खुणेने सांगू लागला. मुलाने त्याच्यापुढे हात जोडले. मला फार बरं वाटलं.

हुबळीला एकसारखे शर्ट घातलेल्या वेटरांचं मोठं हॉटेल होतं. त्याच नावाची हॉटेलं पुढे गावोगावी आहेत म्हणे. सांबार गोडसर होतं, चटणीला खोबरेल तेलाची फोडणी होती. “हे डोक्याला लावायचं तेल आहे,” मी मुलाला म्हणालो आणि वेटरकडे बघून ताटावर हात फिरवला. “बठ्ठं लई जा! बठ्ठं!” सगळं घेऊन जा, असं मी आमच्या बोलीत सांगत होतो. वेटर पळत गेला आणि टेबल पुसायचं फडकं घेऊन आला. मी पुन्हा ओरडलो, “बठ्ठं!” त्याने आणखी एक फडकं आणलं.

सून हसायला लागली. “आबा, कन्नडमध्ये बट्टे म्हणजे कापड. तो म्हणतोय, अजून किती देऊ?”

मुलगा हसला. बायको तर तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. सून तिची पाठ चोळत होती. त्या दोघींना तसं एकत्र हसताना पाहून माझ्या डोक्यात जे शिरलं, ते दावणगेरेपर्यंत निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत सून म्हणाली, “आज बाबा आपल्याला पानावरच्या जेवणाला नेणार आहेत. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं. समोरच्या बाजूला दुमडलं तर आमच्याकडे ते मयताच्या जेवणातलं मानतात. आणि आत्ता बाबांची तब्येत अशी...” पुढे ती बोलली नाही. बायको म्हणाली, “बरं झालं सांगितलंस.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू ऐकलंच नाही.

मी सगळं ऐकलं होतं.

हॉटेलात तिचे वडील माझ्या समोर बसले. गळ्याभोवती पंचा, मनगटं काड्यांसारखी. त्यांना स्वतःला मीठ बंद होतं. तरी वाढप्याला थांबवून थांबवून ते माझ्या पानात वाढायला लावत होते. आम्ही तिखट खातो हे त्यांनी लेकीकडून ऐकलं होतं, म्हणून माझ्यासाठी मुद्दाम मिरच्या तळून आणवल्या. मी त्या खाल्ल्या. मग सुनेकडे बघितलं आणि पान त्यांच्या दिशेने दुमडलं.

त्यांच्या बायकोचा हात हवेतच थांबला. सून म्हणाली, “आबा, मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“माले काय माहीत, बेटा? आमच्याकडे शेतात भरीत खातात केळीच्या पानावर. खाल्लं की पान गुरांपुढे. दुमडतं कोण?”

यातला भरताचा आणि गुरांचा भाग खरा होता, म्हणून ते सगळं खरं वाटलं. तिच्या वडिलांनी हसून हात पुढे केला, माझं उष्टं पान उलगडलं आणि माझ्या बाजूला दुमडून ठेवलं. सून उठली आणि बाहेर गेली.

दिवाळीच्या आत ते वारले. माझ्या पानामुळे माणूस मेला असं मी मानत नाही. पण त्यांच्या मरणाची इच्छा मी त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच पानावर जेवून दाखवली, हे मला माहीत आहे. अमळनेरला आल्यावर मी पारावर, लग्नांत, तेराव्यांत सांगत सुटलो, “एका पानासाठी हो! म्हाताऱ्याची चूक ती काय!” बायकोने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, हे तिला कळत असावं.

यंदा धुळ्याला पुतण्याच्या साखरपुड्याला सून आली होती. पंगतीत कुणीतरी म्हणालं, “पानवालीला स्टीलचं ताट द्या रे, नाहीतर जाईल उठून!” सगळे हसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मला माहीत होतं. मी मुद्दाम दुमडलं.”

मग माझा चुलतभाऊ म्हणाला, “आबा, सुनेनं पढवीसन आणं का?” पुन्हा हशा झाला. मी सांगत राहिलो. लोक वाढप्याला हाका मारत राहिले.

हात धुवायच्या नळापाशी सून म्हणाली, “यांना सांगून काय उपयोग? माझी आई जिवंत आहे, तिला सांगा.”

“मला भाषा येत नाही. तू सांग ना.”

“नाही. तुमचं तुम्ही बोला. शब्द पाहिजे असतील तर देते.”

तिने दोनच शब्द दिले, ननगे गोत्तित्तु, म्हणजे मला माहीत होतं. ते तिने माझ्याकडून घोटून घेतले, लहान पोराला दरडावतात तशा आवाजात. दोनदा चुकलो, दोनदा तिने थांबवलं. मग तिथेच फोन लावून माझ्या हातात दिला आणि बाजूला न जाता समोर उभी राहिली.

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला. मी मराठीतच माझं नातं सांगितलं, पान म्हणालो आणि ते दोन शब्द म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, “नमगू गोत्तित्तु.”

सुनेने अर्थ सांगितला नाही आणि मी विचारला नाही. एवढं कन्नड मला आता समजत होतं. त्यांनाही माहीत होतं. पान सरळ करताना सुनेच्या वडिलांनाही माहीत होतं.

फोन बंद झाला होता. सुनेने तो माझ्या हातातून घेतला, रुमालाने पुसला आणि गाडीकडे निघून गेली.