झिऱ्याच्या पाण्याची उपकारस्तुती

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात, अमडापूरच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या एका गावी मी मिशनच्या शाळेत शिक्षक होतो. बाप्तिस्मा घेऊन आम्हा उभयतांना वर्षही झाले नव्हते. गावातील मुले माझ्यापुढे बसून धुळाक्षरे गिरवीत. त्यांना माझी अक्षरे चालत, मात्र आमची घागर गावच्या विहिरीला चालत नसे. पूर्वी जिथे पत्नी चार बायकांत उभी राहून पाणी ओढीत असे, तिथून एके सकाळी तिला परत पाठविण्यात आले. तेव्हापासून ती नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करी, आणि पाझरून आलेले पाणी करवंटीने घागरीत भरी. एक घागर भरायला सकाळचा पहिला प्रहर जाई.

पाटलांना भेटून विनंती करावी, असे मला पहिल्याच दिवशी वाटले होते. तीन वेळा टोपी घालून घराबाहेर पडलो आणि तिन्ही वेळा मारुतीच्या पारापासून मागे फिरलो. चार माणसांपुढे काही मागायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. या भित्रेपणाला मी सहनशीलता हे नाव दिले, आणि ते नाव मला इतके आवडले की पुढे खरे वाटू लागले.

दर रविवारी उपासनेनंतर शाळेच्या खोलीतच उपकारस्तुती होई. तालुक्याहून उपदेशक येत. पाच-सहा कुटुंबांतल्या प्रत्येकाने उभे राहून त्या आठवड्यातील देवाची एक कृपा सांगायची, असा परिपाठ होता. एरवी अबोल असणारा मी तिथे मात्र खुलत असे, कारण बोलायचे ते शनिवारीच लिहून पाठ केलेले असे. एका रविवारी मी म्हणालो, "पाण्याच्या या कष्टात प्रभू आमच्या अधिक निकट आला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे." उपदेशकांनी डोळे पुसले. पत्नी आपल्या पाळीला नेहमीप्रमाणे नुसती मान हलवून खाली बसली.

घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता ती म्हणाली, "अवो, तुमी म्हनले प्रभू जवळ आला. झिऱ्यावर त मले कोनी दिसलं नाई बा."

मी तिला श्रद्धेविषयी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. तिने त्या ऐकून घेतल्या.

वैशाखात, भरलेली घागर डोक्यावर घेऊन नदीची दरड चढताना तिचा पाय घसरला. घागर फुटली आणि कंबरेला असा मार बसला की तिला कूसही बदलता येईना. दुसऱ्या दिवशी उरलेली घागर घेऊन मी प्रथमच झिऱ्यावर गेलो. काठावर गावच्या दोन बायका धुणी बडवीत होत्या.

"काऊन मास्तर, आज शाळा झिऱ्यात भरली काय?" एकीने विचारले.

"त्याइले नको बोलू व," दुसरी हसत म्हणाली, "ते वाळूले बाराखडी शिकवून राह्यले."

मी मान खाली घालून करवंटी बुडविली. दोन घोट पाणी आले. पुन्हा पाझरण्याची वाट पाहिली. ऊन मानेवर आले, गुडघे वाळूत भाजले, आणि घागर अजून अर्धीही झाली नव्हती. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर माझीच रविवारची सुंदर वाक्ये आठवली. ज्या कष्टांबद्दल मी पाच महिने आभार मानीत होतो, ते कष्ट माझे नव्हतेच.

अर्धी घागर घरी ठेवून मी तसाच, ओल्या धोतराने, पाटलांच्या ओट्यापाशी गेलो. तिथे चार-पाच माणसे बसली होती. पाणी मागताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पाटलांनी माझ्या ओल्या धोतराकडे पाहिले. "पाच महिने झाले मास्तर. आधी काऊन नाई आले?"

"आपण नाही म्हणाल, असे वाटले."

"म्या त वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, मास्तर येईन त पाहू. नाई आला, म्हंजे त्याले गरज नसन."

"याइचा देव आभायातून धाडत असन पानी, पाटील!" मागून कोणी तरी म्हणाले, आणि ओटा हसला.

पाटलांनी निर्णय दिला. सकाळी बायका येण्यापूर्वी पाटलांचा गडी पाणी ओढून आमच्या घागरीत वरून ओतील. आम्ही विहिरीच्या कठड्याला हात लावायचा नाही. ज्या विहिरीचे पाणी आम्ही बाप्तिस्मा होईपर्यंत हक्काने प्यालो होतो, तिची ही भीक! मी तिथेही आभार मानले. मात्र परतताना मला अपमानापेक्षा दुसरीच गोष्ट जाळीत होती: हे पाच महिन्यांपूर्वीच मिळाले असते.

पुढच्या रविवारी मी काही लिहून नेले नव्हते. माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो, आणि शब्द सुचेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूला, भिंतीचा आधार घेत, पत्नी उठली. तिची कंबर पुढे कधीच पूर्ण सरळ झाली नाही.

"प्रभू," ती म्हणाली, "यायले तोंड फुटलं. माही कंबर मोडली तवा फुटलं, पन फुटलं. तुहे उपकार."

उपदेशक गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. ही स्तुती होती की माझ्यावरचा आरोप, हे मी तिला कधी विचारले नाही, दोन्ही असावे. तिच्या त्या तीन वाक्यांत माझ्या साऱ्या रविवारांहून अधिक विश्वास होता, एवढे मला त्या क्षणी कळले. मी उभाच होतो. "आमेन" म्हणालो, आणि खाली बसलो.