सुभद्रामावशींचा तोरणा

मित्रहो, आज तोरणा चढून आलोय. पाय ठणकताहेत, पण हे आजच लिहायला हवं.

बिनी दरवाज्याखालच्या खड्या कातळावर साठीच्या सुभद्रामावशी लोखंडी कठडा घट्ट धरून थांबल्या होत्या. वेल्ह्याजवळच्या गावात त्यांचा सारा संसार झाला. अंगणातून रोज तोरणा दिसायचा, पण वर येणं आज पहिल्यांदाच.

"आत्या, माघारी फिरू," सून काकुळतीनं म्हणाली.

"आन् उद्या अंगण झाडताना ह्या डोंगराला कुठलं तोंड दावू? तू हो म्होरं."

मी विचारलं, "मावशी, गडावरच्या मेंगाईदेवीला नवस बोललाय का?"

"न्हाई वो. नुसतं बघाया आले. बायांनी नवसाबिगर फिरू न्हाई व्हय?"

मावशी बसत, सरकत, पुन्हा उठत चढल्याच.

वर तटावरून त्यांनी खाली आपलं घर शोधलं. बराच वेळ बघत राहिल्या, मग हसल्या.

"एवढंसं घर. आन् ह्याच्यातनं मला सवड गावत नव्हती."

तुमच्या घरातली बाई कामाशिवाय, नवसाशिवाय, केवळ मनाला वाटलं म्हणून शेवटची कुठं गेली होती? आजच विचारा. तिनं एखादा डोंगर दाखवला, तर त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा.