भावोजींचा सायकलवरचा नवस

न निघण्याची इतकी जय्यत तयारी करणारा माणूस आमच्या भावोजींखेरीज अख्ख्या ठाण्यात दुसरा झाला नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. कचेरीत कारकून, अंगाने काटकुळे, स्वभावाने गरीब. त्यांची बेबी तीन वर्षांची असताना टायफॉईडने अंथरुणाला खिळली. अठराव्या दिवशी डॉक्टरही बोलेनासे झाले, तेव्हा भावोजी देवघरापुढे उभे राहिले आणि कुलदेवतेला म्हणाले, "आई एकवीरे, पोर वाचू दे. सायकलवरून बोरघाट चढून कार्ल्याला तुझ्या दर्शनाला येईन." बेबी वाचली. भावोजींना तेव्हा सायकल येत नव्हती.

ती ते शिकले, पण अर्धीच. एकदा बसले की झकास चालवीत. बसायला मात्र ओटा, पायरी नाहीतर दगड लागे. टांग मारणं काही केल्या जमेना. त्यामुळे वाटेत ओळखीचं माणूस भेटलं तरी ते उतरत नसत, त्याच्याभोवती गोल गोल फिरत बोलत. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी भररस्त्यात पत्नी गेल्याचं सांगितलं, तेव्हा भावोजींनी त्यांचं सांत्वनदेखील तीन प्रदक्षिणा घालत केलं. गृहस्थ बिचारे त्यांच्याबरोबर फिरून फिरून भोवळ येऊन खाली बसले, आणि लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं.

मैलाच्या दगडावरून चढता येतं हा शोध लागल्यावर नवसाच्या तयारीला जोर आला. एका रविवारी भावोजी मोटारीने खोपोलीपर्यंत गेले आणि खिडकीतून प्रत्येक दगड वहीत टिपून आले. "पनवेलच्या पुढचा एक आडवा पडलाय. तिथं काही झालं तरी उतरायचं नाही," असं ते मला बजावीत. सोबतीला मी जायचं, हे ताईने मला न विचारता ठरवून टाकलेलं. कुठे सावली, कुठे विहीर, कुठल्या गावची कुत्री चावरी, सगळं वहीत होतं. निघायची तारीख तेवढी नव्हती. एका वर्षी ब्रेक मनासारखे नव्हते, एका वर्षी वारा उलटा होता, तर एका वर्षी कॅरिअरवर नारळ उभा बांधावा की आडवा यातच देवीच्या जत्रेचा चैत्र सरला. ताई रडकुंडीला येई. "देवीला बोललेलं राहिलंय रे. पोरीचं अंग जरा कोमट लागलं तरी माझ्या पोटात गोळा येतो," ती म्हणे. चौथ्या चैत्रात मी वैतागून त्यांची सायकल ओट्याला लावली, त्यांना वर बसवलं, मागून ढकलून दिलं आणि माझ्या सायकलवरून पाठोपाठ निघालो.

खोपोली गाठली, धर्मशाळेत पाठ टेकली. सकाळी घाटाच्या तोंडाशी मात्र भावोजी मैलाच्या दगडावर बसले ते उठेचनात. आधी चेन ढिली वाटली, मग टायर मऊ वाटला. मी भडकलो. "भावोजी, भीती वाटत असेल तर सरळ सांगा!"

"वाटतेय," ते हळूच म्हणाले. "घाटाची नाही रे. नवस बाकी आहे तोवर आईचं आमच्या दाराकडे लक्ष आहे. एकदा फेडला, की तिला आमची आठवण कशाला राहील? मग बेबीकडे कोण बघणार?"

चार वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात एकवीरेला पायी निघालेली आमच्या ठाण्याजवळच्या कोलशेतची मंडळी तिथे पाण्याला थांबली. त्यांत आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी मावशी होती. आम्हाला पाहून ती चकित झाली, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. ती कमरेवर हात ठेवून भावोजींपुढे उभी राहिली.

"येडा का खुला तू, दादा? नवस फेडला म्हनून आई पोरीला इसरते का? माजी सात पोरं. साती वेळा नवस बोलली, साती वेळा फेडला. एकाला तरी इसरली का ती? ऊठ!"

भावोजी उठले. चढावर सायकल ढकलत, जरा सपाटी लागली की मारत, असा तो घाट सर झाला. दगड नसेल तिथे मावशीचे दोन जावई त्यांना अलगद सीटवर बसवून देत, आणि सगळी मंडळी "आई माउलीचा उदो उदो" करत. मला तर हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढून ते देवीपुढे उभे राहिले, नारळ ठेवला आणि ढसाढसा रडले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. परत आम्ही सायकली मोटारीच्या टपावर टाकून आलो. दारात बेबी उड्या मारत आली. "बाबा, देवीनं काय दिलं?"

"तिनं आधीच दिलं होतं बाळ. मिळालं म्हणून सांगायला गेलो होतो."

ताई पदर डोळ्यांना लावून आत गेली. त्या दिवसापासून तिच्या पोटातला गोळा गेला.

पुढे भावोजींनी कसलाच बेत आखला नाही. रविवारी मी जाई तेव्हा ते ओटीवर स्वस्थ बसून बेबीचा खेळ बघत असत. त्यांच्यासाठी मला फार बरं वाटे. तरी घरी परतताना मनात येई, या माणसाबरोबर एखादा अशक्य बेत पुन्हा आखत बसावं. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवावं म्हटलं, तर भावोजी नाहीत.