दत्ता परमनंट आहे!

आमच्या रांजणगावच्या कंपनीत मशीन कमी झाल्या, माणसं कमी झाली, पगार तर पार आटले. वाढले ते फक्त किस्से! बसमध्ये एकाने एक सांगितला की मागच्या सीटवरून दुसरा येतो. मीही सांगतो, सगळ्यांना हसवतो. पण यातले बरेचसे माझ्यामुळेच घडलेत आणि त्यांची मला लाज वाटते, हे मात्र बसमध्ये कधी बोललो नाही.

*

मी युनियनच्या कमिटीत आहे. एक दिवस एचआरच्या साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि स्वेच्छानिवृत्ती समजावून सांगायला लागले. मांडवगण फराट्याचा दत्ता उभा राहिला. वय एकोणतीस!

"साहेब, माझं अजून लगीन न्हाई झालं. आन् निवृत्त होऊ व्हय?"

सगळं कॅन्टीन हसलं, साहेबही हसले. मी दत्ताला बाजूला घेतलं. म्हटलं, "कर सही. आठ दिसांत ठेकेदार परत त्याच मशीनवर घेतोय तुला."

माझ्या शब्दावर त्याने सही केली. निवृत्त करायच्या माणसांची यादी आधीच ठरली होती आणि कमिटीतल्या एकाचंही नाव तीत नव्हतं, हे मला तेव्हा माहीत होतं.

*

दत्ता खरंच आठ दिवसांत परत आला. तेच मशीन, तेच टार्गेट, पगार निम्मा! शर्ट तेवढा बदलला. परमनंट माणसाला निळा, ठेकेदाराच्या माणसाला करडा.

घरी वडलांना, म्हणजे आबांना, त्याने काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे गडी गावातून जुना निळा शर्ट घालून निघायचा आणि कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीमागे करडा चढवायचा. त्याला वाटलं, आपण एकटेच. पहिल्याच दिवशी टपरीमागे पाचजण उघडे उभे!

पुढे चहावाल्याने तिथे आरसा टांगला. म्हणाला, "गिऱ्हाइकाची सोय बघाय नगं का?"

*

शिरूरचे रफिकभाई आमच्यातले सगळ्यात जुने फिटर. तेही सही करून करड्या शर्टात आले. ठेकेदाराने त्यांच्या हाताखाली बिहारची चार नवी माणसं दिली. रफिकभाईंनी जीव लावून शिकवलं. माणसं तयार झाली, आणि ठेकेदाराने रफिकभाईंचाच रोज कमी केला! म्हणाला, "चाचा, वो लोग इतने में करते हैं."

रफिकभाई मला म्हणाले, "सुदाम, जरा वाईट शिकवाय पायजे हुतं रे!"

यावर कमिटीने निवेदन द्यायचं ठरवलं. ते निवेदन अजून माझ्या लॉकरमध्ये पडलंय.

*

शनिवारी कॅन्टीनला गोड असतं, पण फक्त निळ्या शर्टांना. एकदा मी दोन गुलाबजाम कागदात गुंडाळून दत्ताला नेऊन दिले. त्याने एक खाल्ला, बोटं चाटली आणि दुसरा माझ्या हातात परत ठेवला.

"अण्णा, माझ्यापायी चोरी करू नगा. कमिटीत हाय तुम्ही!"

*

आमच्या भागात मुलीचा बाप मुलाचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "परमनंट हाय का?"

दत्ताला दौंडकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील हणमंतमामा एक दिवस जेवणाच्या सुट्टीत न सांगता गेटवर हजर! दत्ताचा निळा शर्ट टपरीतल्या पिशवीत, आणि मामा नेमके टपरीसमोर उभे. मी लॉकरमधला माझा जादा शर्ट दत्ताला चढवला आणि दोघं बाहेर गेलो.

मामांनी थेट मलाच विचारलं, "पोरगं परमनंट हाय न्हवं?"

"व्हय तर! मी कमिटीत हाय. मला ठाव नसंल तर कुणाला?"

मामा आम्हा दोघांकडे बराच वेळ बघत राहिले. मग चहा प्यायले आणि गेले.

आत आलो तर रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. आमच्या शर्टांच्या खिशावर नाव शिवलेलं असतं. दोघांच्याही खिशावर 'सुदाम'!

दोन दिवस दत्ताला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दौंडहून होकार आला.

*

साखरपुडा मुलीच्या दारात होता. माइकवर सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, माजी चेअरमन झाले, आणि माइकवाला ओरडला, "कामगारांचे कैवारी, सुदामअण्णा! सत्कार मुलीच्या वडलांच्या हस्ते!"

दत्ता पाटावर मान खाली घालून बसला होता. आबा समोर जोरजोरात टाळ्या वाजवत होते. मला तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

हणमंतमामांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटोसाठी जवळ ओढलं आणि कानाला लागून म्हणाले,

"अण्णा, मान वर करा, फोटू काढत्यात. आन् आमच्या थोरल्या पोराचंबी लगीन औंदा बघतोय. त्योबी कंत्राटातच हाय. तवा सांगाय तुम्हीच या."