धान रोवायचा नाच

डी.एड.च्या फॉर्मवर 'शिक्षक का व्हायचे आहे?' असा प्रश्न होता. मी 'समाजसेवेची आवड' असं ठोकून दिलं. खरं कारण राग होतं.

चौथीत असताना, बाहेरगावाहून आलेल्या आमच्या सरांनी गॅदरिंगसाठी मुलींचा धान रोवायचा नाच बसवला. वाकून रोपं लावत आम्ही पुढे पुढे जायचं होतं. मी म्हटलं, "सर, रोवताना मांगं सरकतेत. समोर गेलं तं रोवलेलं पायाखाली येते."

"तू मला शिकवणार?" म्हणत त्यांनी मला नाचातून काढलं. गॅदरिंगला तो नाच बघून गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरांना वाटलं, नाच आवडला. मी तेव्हाच ठरवलं, आपण शिक्षक व्हायचं आणि पोरांचं ऐकायचं.

गेल्या आठवड्यात माझा सरावपाठ होता. मागे निरीक्षक बसलेले, माझं अर्धं लक्ष घड्याळात. एक मुलगी उठली. "मॅडम, असं नाही होत..."

"खाली बस," मी म्हणाले.

पाठ वेळेत संपला. शेरा चांगला मिळाला, पण जिवाला चैन पडेना. सुट्टीत तिला गाठून विचारलं, "मघाशी काय सांगत होतीस?"

"काही नाही जी, मॅडम," ती म्हणाली, आणि दोन पावलं मागे सरकली.