पाझरणारा रांजण

रांजण रोज घासा, तळाला गाळ बसतोच. पाणपोईवरच्या गोष्टींचे तसेच आहे. आम्ही कोणाच्या गोष्टी गोळा करायला जात नाही. पाणी प्यायला थांबलेला माणूस काहीतरी बोलून जातो, काहीतरी करून जातो, आणि ते साचते.

आमची पाणपोई कोराडी रोडच्या बस थांब्याजवळ, कडुलिंबाखाली आहे. एक मोठा रांजण, त्याच्याभोवती ओले पोते, स्टीलचे दोन ग्लास. ग्लासांना साखळी मी बांधली. चालवणारे चार म्हातारे. मी किसन, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेलो. वामन बस चालवायचा. भाऊराव दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आणि ठवरे सर, कॉलेजात विज्ञान शिकवायचे. माझे शिक्षण चौथी. त्याची लाज नाही.

यंदा भाऊरावचा खांदा धरला, वामनला नीट दिसेना. नळावरून बादल्या आणणे होईना. मी सांगून टाकले, "हा शेवटचा उन्हाळा. मृग लागला की रांजण पालथा!"

सर एवढेच म्हणाले, "बंद नका करू, किसनभाऊ."

*

भाऊरावने एका पाडव्याला पोते काढून रांजणाला ऑइल पेंट दिला. निळाशार, वर कमळ. "पाहा, आता एक थेंब वाया जात नाही!"

खरेच जात नव्हता. दुपारी पहिला प्रवासी आला, घोट घेतला आणि थुंकला. "चहाचं आधण ठेवलं काय गा इथं?"

सरांनी रांजणाला हात लावला. "भाऊराव, तुमी याचा घाम बंद केला. रांजण थोडं पाणी बाहेर टाकते, त्याच्यासंगं गरमी जाते. म्हणून आतलं थंड राहते. याले खुली व्यवस्था म्हणतात. बाहेरच्या जगाशी देणंघेणं आहे, तोवरच तिचं काम चालते."

"म्हणजे पाझरते तरी चांगलं?"

"पाझरते म्हणूनच चांगलं!"

नवा रांजण आणला. कमळवाल्यात भाऊरावची बायको गहू ठेवते.

*

त्याच संध्याकाळी मी सरांना दूरवर दिसणारा कूलिंग टॉवर दाखवला. "सर, मंग तो?"

"तो तुमचा मोठा रांजण, किसनभाऊ."

गरम पाणी आत जाते. त्यातले थोडे वाफ होऊन आभाळात जाते, उरलेले थंड होते. हे मला माहीत होते. जन्मभर त्या टॉवरच्या सावलीत डबा खाल्ला. वरच्या पांढऱ्या ढगाला कोणी धूर म्हटले की मी रागवायचो. पण एवढा डोंगरासारखा टॉवर आणि माझ्या आईचा चुलीजवळचा माठ एकच काम करतात, हे कधी मनात आले नव्हते.

घरी जेवण गेले नाही. बायको म्हणाली, "काय झालं जी? काहून बसून राहिले असे?"

"काही नाही. माठ पाहून राहिलो."

*

एकदा सर म्हणाले, शरीरही असेच. अन्न, पाणी, हवा आत येते, अंग होते, बाहेर जाते. "वामनराव, लग्नाच्या वेळी तुमच्या अंगात जे होतं, त्यातलं बहुतेक आता बदलून गेलं."

वामन विचारात पडला. "मंग मायी बायको इतके वर्षं कोणावर ओरडून राहिली गा?"

हसून हसून भाऊरावला ठसका लागला. वामन मात्र हसला नाही. म्हणाला, "विहारात भंतेजी दिव्याची ज्योत दाखवतात. ज्योत तीच वाटते, तेल मात्र घडीघडी नवं जळते."

सर उभे राहिले. "पुन्हा सांगा, वामनराव."

वामनने पुन्हा सांगितले. समोरून बसगाड्या जात होत्या.

*

कोणीतरी रांजणातल्या पाण्याने पाय धुतले. भाऊराव चिडला. त्याने लाकडी झाकण बसवले आणि कुलूप ठोकले. ओळखीच्या माणसाने मागितली तरच चावी!

काही दिवसांनी झाकण उघडले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. भाऊराव म्हणाला, "कोणी चोरलं नाही, कोणी खराब केलं नाही, तरी सडलं!"

"गावाचं असंच, समाजाचंही असंच," सर म्हणाले. "नवा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, मंग आतल्या आत..." ते अळ्यांकडे पाहत राहिले.

कुलूप निघाले. सरांनी ग्लासांकडे बोट दाखवले. "किसनभाऊ, ही साखळी काहून?"

"शिस्त," मी म्हटले. साखळी राहिली.

*

यंदाच्या मे महिन्यात सरांच्या छातीत दुखले. दवाखान्यात नेले. आम्ही तिघे दोन दिवस तिथेच बसून राहिलो, घरीसुद्धा गेलो नाही. बाहेर डांबर चपलेला चिकटत होते. सरांनी डोळे उघडले आणि पहिले विचारले, "रांजण भरला?"

भाऊराव त्यांची चादर सारखी करायला लागला.

"जाऊन पाहा," सर हळू म्हणाले. "कोरडा असंन तं पालथा घाला, किसनभाऊ. मी काही म्हणणार नाही."

मी निघालो. मनाशी ठरवूनच निघालो.

कडुलिंबाखाली माणसे पाणी पीत उभी होती. पोते ओले होते. झाकण उचलले. काठोकाठ! रांजणाला हात लावला. गार. आत्ता भरलेले पाणी इतके गार होत नाही. पहाटेच भरून कोणीतरी वरचेवर भर घालत असणार.

"कोण भरून गेलं गा?"

पिणाऱ्याने तोंड पुसले. "मले काय माहीत, भाऊ? मी तं पारशिवनीचा. काल उतरलो, तवाही भरलाच होता."

थांब्यावरच्या पानठेल्यावाल्याला विचारले. तो माझ्याकडेच पाहायला लागला. "काहून? तुमीच भरून राहिले ना, काका?"

मी परत रांजणापाशी आलो. माझ्या दोन ग्लासांशेजारी एक तिसरा ठेवलेला होता. पितळेचा, चिंचेने लखलखीत घासलेला.

त्याला साखळी नव्हती.